जावातला अरेना: मेमरीची जबाबदारी एकाच ठिकाणी

जावातून सी लायब्ररी वापरायची तर अनेकदा हीपबाहेरची मेमरी लागते. ती लवकर सोडली तर प्रोग्रॅम कोसळतो, सोडलीच नाही तर गळती.

जावा २० मध्ये यासाठी अरेना आणि सेगमेंटस्कोप अशा दोन गोष्टी समजून घ्याव्या लागायच्या. जावा २१ ने सगळा कारभार अरेनाकडे दिला, आणि मार्च २०२४ मध्ये, जावा २२ मध्ये, हा एपीआय कायम झाला.

मी बहुतेक वेळा ऑफकन्फाइन्ड घेतो. ट्राय ब्लॉक संपला की त्यातली सगळी मेमरी एकदम मोकळी. नंतर जावातून हात लावलात तर क्रॅश नाही, सरळ एक्सेप्शन. मात्र तो एकाच थ्रेडपुरता. जास्त थ्रेड असतील तर ऑफशेअर्ड.

करून बघा, भेटू पुढच्या भागात!