लेखणीबरोबर पुस्तकांची पिशवीही



नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना साहित्याचे अप्रूप नाही, कारण साहित्य येथे पूर्वीपासूनच नांदते आहे. नरहर कुरुंदकरांची नांदेड ही कर्मभूमी. १९८५ साली शंकर पाटील यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नांदेडला भरले. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरने भारत सासणे अध्यक्ष असलेल्या संमेलनाचे यजमानपद भूषविले. संमेलनाच्या मांडवात पुस्तकांच्या गाळ्यांवर झुंबड उडते. परंतु मांडव उतरला, गाळे हलले, की मागे जो उरतो तो गावातला लेखक. आजच्या विवेचनाचा विषय तो आहे. त्यातही स्वतःच्या खर्चाने कादंबरी छापणारा, प्रेमकथा किंवा अद्भुतकथा लिहिणारा लेखक.

हा लेखक सर्वांच्या परिचयाचा आहे. तो कुठे प्राथमिक शाळेत शिक्षक असतो, कुठे बँकेत कारकून. कधी ती दुपारची कामे आटोपून वहीत लिहिणारी गृहिणी असते. हस्तलिखित पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे जाते आणि ‘साभार परत’ येते, किंवा येतच नाही. मग भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली जाते, एखादा दागिना गहाण पडतो आणि पुस्तक छापून होते. प्रकाशन समारंभ थाटात पार पडतो. शाल, श्रीफळ, हार होतात. शंभरेक प्रती भेट म्हणून वाटल्या जातात. उरलेले गठ्ठे माळ्यावर चढतात आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत घरातील माणसे विचारतात, “यांचे काय करायचे?” लेखक निरुत्तर होतो आणि पुष्कळदा पुन्हा लिहीत नाही. हानी होते ती येथे. पैसा एक वेळ पुन्हा मिळेल. परंतु वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मिटलेली लेखणी समाजाला परत मिळत नाही.

अद्भुतरम्यतेचे कुळ

प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांना हलके लेखण्याची एक रीत विद्वानांत पडून गेली आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मराठी कादंबरीचे बालपण याच अंगणात गेले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकातील. राजपुत्र, विरह, कारस्थाने, अतर्क्य योगायोग यांनी भरलेल्या या कादंबऱ्यांनी मराठी माणसाला गद्य गोष्टीची गोडी लावली. पुढे सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झालेले द्वारकानाथ माधव पितळे हे ‘नाथमाधव’ झाले आणि १९१३ साली त्यांनी ‘वीरधवल’ दिली. अंथरुणाला खिळलेल्या या लेखकाच्या अद्भुताने असंख्य मुलांना वाचनाचे वेड लावले. गंभीर ग्रंथ वाचणारा वाचक आकाशातून पडत नाही. तो आधी अशाच एखाद्या कादंबरीने रात्री जागवलेला असतो.

लेखकाने प्रकाशनाचा भार स्वतः उचलणे हेही मराठीत कमीपणाचे कधी नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि पुढे मुद्रणालय व ग्रंथविक्री यांतही पाऊल टाकले. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. या दोघांनी लिहिण्याइतकीच चिंता लिहिलेले पोहोचविण्याची केली.

तळेगाव दशासर ते विष्णू दिगंबर मार्ग

हीच चिंता वाहणारा आपल्या काळातील एक मराठी माणूस म्हणजे लक्ष्मण राव. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे त्यांचे गाव. घरची स्थिती बेताची. अमरावतीत सूतगिरणीत काम केले. ती बंद पडली. वडिलांकडून चाळीस रुपये घेऊन ते भोपाळला गेले, तेथे बांधकामावर मजुरी केली आणि १९७५ मध्ये दिल्ली गाठली. तेथेही प्रारंभी मजुरी, ढाब्यावर भांडी घासणे आणि मग आयटीओ परिसरात, विष्णू दिगंबर मार्गावर, झाडाखाली पानाची व नंतर चहाची टपरी.

या रस्त्याचे नावही योगायोगाने एका मराठी माणसाचेच आहे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर दृष्टी अधू असताना लाहोरला गेले, १९०१ मध्ये तेथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आपल्या स्वरलिपीतील पुस्तके स्वतः छापून प्रसृत केली. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर, हिंदी भवनाजवळ, पदपथावर स्टोव्ह पेटवून बसलेल्या दुसऱ्या मराठी माणसाने कादंबऱ्या लिहाव्यात आणि त्याही स्वतःच छापाव्यात, यात परंपरेचा एक धागा दिसतो.

लक्ष्मण राव यांना लेखनाची ओढ लागली ती गुलशन नंदा यांच्या कादंबऱ्यांमुळे. ‘कटी पतंग’, ‘झील के उस पार’ हे चित्रपट ज्यांच्या कथांवर निघाले, ते हिंदीतील लोकप्रिय प्रेमकथाकार. समीक्षकांनी त्यांना कधी मोठे मानले नाही. परंतु तळेगावच्या एका तरुणाच्या हाती त्यांनी लेखणी दिली. गावातील रामदास नावाचा एक मुलगा नदीत बुडाला. ती सल मनात राहिली आणि तीच पुढे ‘रामदास’ या त्यांच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबरीचे बीज ठरली. ‘नर्मदा’ ही प्रेमकथा. १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांची भेट घेण्याची संधी मिळाली आणि त्या भेटीतून ‘प्रधानमंत्री’ हे नाटक लिहिले गेले. अशी वीसहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर जमा झाली.

मातृभाषा मराठी असून त्यांनी हिंदीत लिहिले, याचे कोणाला वैषम्य वाटेल. परंतु माधवराव सप्रे, बाबूराव विष्णू पराडकर, गजानन माधव मुक्तिबोध हे सारे मराठी घरांतले आणि हिंदीचे मानकरी. ज्या रस्त्यावर माणूस उभा असतो, त्या रस्त्यावरच्या वाचकाची भाषा तो उचलतो.

चहाचा पैसा, पुस्तकाचा पैसा

पहिले हस्तलिखित घेऊन ते एका प्रकाशकाकडे गेले, तेव्हा चहावाला लेखक ही कल्पनाच तेथे कोणाला पटली नाही; अपमान करून त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांनी दुसऱ्या दारात जाऊन याचना केली नाही. टपरीच्या मिळकतीतून पै-पै बाजूला ठेवून १९७९ मध्ये ‘नई दुनिया की नई कहानी’ हे पहिले पुस्तक त्यांनी स्वतः छापले. पुढे ‘भारतीय साहित्य कला प्रकाशन’ हे स्वतःचे नाव उभे केले.

येथपर्यंतची गोष्ट नांदेडच्या वा लातूरच्या लेखकापेक्षा फारशी निराळी नाही. निराळे आहे ते छपाईनंतरचे वर्तन. सकाळी पुस्तकांची पिशवी सायकलला अडकवून ते दिल्लीच्या शाळांत आणि ग्रंथालयांत जात. मुख्याध्यापकांना, ग्रंथपालांना भेटत, पुस्तक दाखवीत, मागणी घेत. मग येऊन टपरी लावीत. चहाच्या भांड्यांशेजारी पदपथावर त्यांची पुस्तके मांडलेली असत. चहा पिणारा सहज विचारी, “ही कोणाची?” उत्तर ऐकून तो चकित होई आणि कधी एखादी प्रत विकत घेई. रात्री उशिरापर्यंत वाचन आणि लेखन. याच धावपळीत वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी दिल्ली विद्यापीठातून बहिःस्थ पद्धतीने पदवी घेतली. पुढे अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टवरही त्यांची पुस्तके मिळू लागली, तरी वर्षानुवर्षे विक्रीचा खरा आधार सायकल हाच होता.

या दिनक्रमात दोन पथ्ये होती. पहिले, पोट चहावर आणि पुस्तक पुस्तकावर. लेखनाने घर चालेल या भ्रमात त्यांनी टपरी मोडली नाही. दुसरे, एका पुस्तकाची विक्री दुसऱ्या पुस्तकाच्या छपाईचे भांडवल. त्यामुळे प्रत्येक प्रत विकली जाणे ही त्यांच्यासाठी पुढच्या कादंबरीची अट होती. फुकट वाटलेली प्रत म्हणजे न लिहिलेल्या पुस्तकातून फाडलेले पान.

आपल्या जिल्ह्यांचा हिशेब

आता हेच गणित आपल्या गावी मांडून पाहावे. १६० पृष्ठांची कादंबरी म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि प्लेट यांचा खर्च शंभर प्रतींना जो, तोच हजारांना. म्हणून मुद्रक हजार प्रती सुचवितो आणि दर प्रतीचा खर्च उतरल्याच्या समाधानात लेखक होकार देतो. समजा, प्रतीला ८० रुपये खर्च आला, तर ८० हजार रुपये गुंतले. किंमत २०० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला तिसरा हिस्सा दिला, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे सुमारे १३३ रुपये येतात. म्हणजे सहाशे प्रती विकल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही. सहाशे वाचक कोण, ते कोठे राहतात, याचा विचार छपाईपूर्वी किती जण करतात?

आता मागणीनुसार पन्नास प्रतीही छापून मिळतात. प्रतीला खर्च अधिक पडतो, पण माळ्यावर गठ्ठा चढत नाही. २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके उपलब्ध होऊ लागली. ‘प्रतिलिपी’सारख्या उपक्रमांवर प्रेमकथा आणि अद्भुतकथा भागांभागांनी वाचल्या जातात, आपट्यांच्या ‘करमणुकी’ची ती नवी आवृत्तीच होय. तेथे कागदाचा खर्च नाही. मात्र पुढचा भाग वेळेवर देण्याचे बंधन आहे. ते पाळणारा टिकतो.

साधने वाढली, तरी पिशवी खांद्यावर घेण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. लातूरच्या पुस्तकबाजारात शालेय आणि प्रवेशपरीक्षांच्या पुस्तकांचा वरचष्मा असणे स्वाभाविक आहे. त्या शहराची ख्यातीच शिक्षणाची. परंतु त्या पुस्तकांसाठी आलेला विद्यार्थीच उद्याचा कादंबरीवाचक आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात गावोगावी अनुदानित ग्रंथालये उभी आहेत. देगलूर, मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंगा, औसा येथील किती ग्रंथपालांना शेजारच्या तालुक्यातील कादंबरीकार ठाऊक आहे? आणि किती कादंबरीकार त्या ग्रंथपालाच्या मेजापर्यंत गेले आहेत? नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनुदान आहे; त्यासाठी अर्ज करण्यात लाज नाही.

कर्तव्य एकट्या लेखकाचे नाही, समाजाचेही आहे. प्रकाशन समारंभाला येणाऱ्याने भेटप्रतीची अपेक्षा सोडून प्रत विकत घ्यावी. हारतुऱ्यांवर जाणारा पैसा शाळेच्या ग्रंथालयात त्याच लेखकाच्या पाच प्रती ठेवण्यासाठी द्यावा. लग्नकार्यात भांड्यांच्या आहेराबरोबर गावच्या लेखकाचे एक पुस्तक द्यावे. वाचलेल्या पुस्तकाविषयी लेखकाला दोन ओळी कळवाव्यात. या गोष्टींना शासन लागत नाही, मंडप लागत नाही.

ज्याला आपले म्हणणारे कोणी नव्हते, अशा शहरात, परक्या भाषेत, पदपथावर बसून एक मराठी माणूस चार दशके वाचक जोडत राहिला. नांदेड-लातूरच्या लेखकाला भाषा स्वतःची आहे, माणसे ओळखीची आहेत, गाव पाठीशी आहे. माळ्यावरचा तो गठ्ठा खाली उतरवावा, त्यावरची धूळ झटकावी आणि पहिली प्रत घेऊन जवळच्या शाळेची पायरी चढावी. दुसऱ्या कादंबरीचा खर्च तेथूनच निघणार आहे.