उभ्या गाडीचे भाडे

(भिलाई येथे मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या व्यवसायावर बोलण्यासाठी मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या एका अनुवादिकेला पाचारण करावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही ते वाटले. ह्या व्यवसायाशी माझा संबंध आला तो केवळ शब्दांच्या निमित्ताने. जहाजभाडे, गोदामे आणि वाहतुकीची कंत्राटे ह्यांविषयीचे लेखन मराठीत आणताना योग्य शब्द सापडेना, म्हणून मी तो शोधीत बाहेर पडले आणि शब्दांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांपर्यंत जाऊन पोहोचले. आज जे सांगणार आहे ते ह्या शोधातून हाती आलेले आहे.

पहिला अडथळा आला तो ‘कंत्राटी लॉजिस्टिक्स’ ह्या शब्दाचा. एखाद्या कारखान्याचा माल उचलणे, तो साठविणे, बांधणे, नाक्यांवरून पार करणे आणि ठरलेल्या ठिकाणी पोचता करणे ही सारी जबाबदारी एकाच संस्थेने काही वर्षांच्या कराराने आपल्या शिरावर घेणे, असा त्याचा अर्थ. ही कल्पना अगदी आधुनिक असावी अशी माझी समजूत होती. परंतु जुन्या मराठीत ‘हुंडेकरी’ असा एक शब्द आहे. ठोक रक्कम ठरवून माल पोचविण्याचा मक्ता घेणारा आणि वाटेतील जकाती व पट्ट्या स्वतः भरणारा तो हुंडेकरी. आणि त्याला द्यावयाची रक्कम ते हुंडेभाडे. व्यापाऱ्याने एकदा रक्कम मोजली, की वाटेतील कटकटींशी त्याला कर्तव्य उरत नसे. म्हणजे आपण जिला नवी म्हणतो ती विद्या ह्या देशाला अपरिचित नव्हती. आपला हा छत्तीसगडचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, तेव्हा येथील तांदूळ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून बाहेर जाई आणि परतीच्या वाटेवर त्याच बैलांवर मीठ येई. परतीचा बैल रिकामा येऊ नये, हे ह्या धंद्यातील पहिले सूत्र त्या तांड्यांना पुरेपूर ठाऊक होते.

हुंडेकऱ्याच्या व्यवहारात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तोच माझ्या आजच्या विषयाचा गाभा होय. अंतर तोडण्यास खर्च येतो, हे सर्वांना दिसते. परंतु माल थांबला तर त्याचाही खर्च येतो. नदीला पूर आला, नाक्यावर अडवणूक झाली, धनी वेळेवर माल उतरवून घेईना, तर तो खर्च कोणी सोसावयाचा? मालवाहतुकीच्या व्यवसायातील बहुतेक सर्व धोरणे ह्या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत, असे मला वाटते.

भिलाईचेच उदाहरण घेऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. समुद्रापासून इतक्या दूर हा कारखाना का उभारला, ह्याचे उत्तर वजनात आहे. झोतभट्टीच्या पद्धतीने एक टन पोलाद तयार करावयाचे तर साधारणपणे दीड टन लोहखनिज, पाऊण टन कोळसा आणि पाव टन चुनखडी लागते. म्हणजे एक टन माल बाहेर जाण्यासाठी अडीच टन माल आत यावा लागतो. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर ह्याने १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा जो सिद्धान्त मांडला, त्याचे सारही हेच आहे की, ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते, त्याच्या जवळ कारखाना असावा. राजहऱ्याचे खनिज नव्वद किलोमीटरच्या आत आणि नंदिनीची चुनखडी वीस-पंचवीस किलोमीटरांवर. शिवाय मुंबई-हावडा लोहमार्ग दाराशी. हिशेब चोख होता.

परंतु एका पदार्थाने हा हिशेब पुढे बदलला. झोतभट्टीस लागणारा कोकिंग कोळसा आपल्या देशात आहे, पण त्यात राखेचे प्रमाण फार. म्हणून चांगल्या प्रतीचा कोळसा परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधून, आणणे भाग पडले. तो विशाखापट्टणमच्या बाजूला उतरतो आणि रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर प्रवास करून आपल्याकडे येतो. ह्या वाटेचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. रायपूर ते विजयानगरम् हा लोहमार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये खुले झाले. मध्यप्रांतातील मँगनीज समुद्रापर्यंत नेणे हा त्यामागील एक मोठा हेतू होता. जी वाट येथील खनिज बाहेर नेण्यासाठी घातली, तीच पुढे परदेशी कोळसा आत आणू लागली. आपले गाव समुद्राकाठी नसले तरी समुद्राच्या भरती-ओहोटीशी बांधले गेले, ते असे.

आता थोडा हिशेब करू. मध्यम आकाराच्या एका जहाजात सुमारे पंचाहत्तर हजार टन कोळसा येतो. अठ्ठावन्न वाघिणींच्या एका मालगाडीत पावणेचार ते चार हजार टन मावतो. म्हणजे एक जहाज रिकामे करण्यास वीस मालगाड्या, अर्थात अकराशेहून अधिक वाघिणी पाहिजेत. ह्यांपैकी पाच गाड्या उशिरा आल्या, की बंदरातील ढीग वाढतो, ढिगास जागा उरत नाही आणि पाठीमागचे जहाज नांगर टाकून उभे राहते. उभ्या जहाजाचा विलंब-आकार दर दिवसाला डॉलरांत मोजावा लागतो.

ह्या विलंब-आकाराचे, म्हणजे डेमरेजचे, नियम मोठे काटेकोर आहेत. जहाजाच्या करारात माल चढविण्या-उतरविण्याची मुदत लिहिलेली असते. मुदत टळली तर भाड्याने घेणाऱ्याने दंड भरावयाचा. उलट काम लवकर आटोपले, तर जहाजमालकाने त्यास, बहुधा दंडाच्या निम्म्या दराने, बक्षीस द्यावयाचे. रेल्वेचीही रीत तशीच आहे. ठराविक तास फुकट. त्यानंतर दर वाघिणीमागे, दर तासाला आकार. वेळेचे मोल ठरविणारी ही कलमे वाचताना मी प्रथम त्यांच्या न्याय्यतेवर खूष झाले होते.

तो आनंद एका सकाळी ओसरला. ‘डेमरेज’ला रस्त्यावरची माणसे काय म्हणतात हे विचारण्यासाठी मी ह्या औद्योगिक परिसरातील ट्रक जेथे उभे राहतात तेथे गेले होते. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रेलरच्या सावलीत गोंदियाकडील एक चालक स्टोव्हवर भात शिजवीत बसला होता. मी विचारले, “भाऊ, गाडी खोळंबली तर त्या पैशांना तुम्ही काय म्हणता?” तो म्हणाला, “हॉल्टिंग म्हणतो, ताई.” मग जरा थांबून त्याने मलाच विचारले, “रेल्वेचा डबा उभा राह्यला तर कंपनी पैसे भरते. जहाज उभं राह्यलं तर डॉलर भरते म्हनतात. माही गाडी चार दिवसांपासून उभी हाय. तिचं भाडं कोन देते?”

शब्द मिळाला, उत्तर माझ्याकडे नव्हते. घरी येऊन मी माझी टिपणे पुन्हा वाचली, तेव्हा ह्या व्यवसायाच्या इतिहासाची एक वेगळीच संगती मला लागली. खोळंब्याचा खर्च कमी करावयाचा, आणि तो कमी होत नसेल तर दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवावयाचा, अशा दोन वाटांनी हा इतिहास चालत आला आहे.

पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण कंटेनरचे. अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला. १९३७ मध्ये कापसाच्या गासड्या घेऊन तो धक्क्यावर दिवसभर ताटकळत राहिला आणि माल एकेक नग करून चढविण्याऐवजी ट्रकची पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये, असा विचार तेव्हा त्याच्या मनात आला, असे सांगतात. कथा कितपत खरी ते असो. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, हे खरे. त्या काळी सुटा माल चढविण्यास दर टनाला ५.८३ डॉलर खर्च येई. ह्या जहाजावर तो १६ सेंटांहूनही कमी आला. येथे खोळंबा खरोखरच नाहीसा झाला. मात्र त्याबरोबर गोदीतील हजारो हमालांचे कामही गेले, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या वाटेची उदाहरणे कराराच्या भाषेत सापडतात. माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची, की बंदरात पोहोचेपर्यंत, हे ठरविणाऱ्या संज्ञा आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने प्रथम १९३६ मध्ये प्रसिद्ध केल्या. सरकारी माल आणताना जहाज आपण ठरवावे, परक्याने नव्हे, असे आपल्या शासनाचे दीर्घकाळ धोरण होते; कारण जहाज ज्याच्या हाती, वेळ त्याच्या हाती. देशांतर्गत पोलादाच्या बाबतीत तर अंतराचा भार शासनाने सर्वांवर सारखा वाटून टाकला होता. भाडे समानीकरणाच्या धोरणामुळे भिलाईचे पोलाद भिलाईत आणि सुमारे अकराशे किलोमीटरांवरील मुंबईत एकाच दराने मिळे. मुंबई-पुण्याच्या कारखानदारीस त्याने बळ दिले. परंतु कारखान्याच्या सावलीत बसलेल्या येथील लघुउद्योजकास सान्निध्याचा लाभ मिळाला नाही. १९९२ मध्ये पोलादापुरते हे धोरण संपले, तोवर साडेतीन दशकांची घडी बसून गेली होती.

बाजाराचे अलीकडील प्रवाह ह्याच दृष्टीने पाहावेत. पहिला प्रवाह करारांची मुदत आखूड होण्याचा. कोकिंग कोळशाचा दर पूर्वी वर्षभरासाठी ठरत असे; २०१० पासून तो तिमाहीसाठी ठरू लागला. क्वीन्सलँडला महापूर आला, आणि २०११ च्या पहिल्या तिमाहीत टनाला २२५ डॉलर असलेला दर दुसऱ्या तिमाहीत ३३० डॉलरांवर गेला. जहाजभाडे तर त्याहून चंचल. सुट्या कोरड्या मालाच्या जहाजभाड्याचा लंडनचा बाल्टिक निर्देशांक २० मे २००८ रोजी ११,७९३ वर होता. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो ६६३ वर आला.

दुसरा प्रवाह एकत्रीकरणाचा. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, राज्यांच्या सीमांवरील कराचे नाके उठले आणि राज्याराज्यांत छोटी कोठारे ठेवण्याचे कारण उरले नाही. मोजक्या ठिकाणी मोठी गोदामे आणि त्यांचा एकच कंत्राटदार, ही रीत रूढ होऊ लागली. नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाला त्यामुळे नवे महत्त्व आले. जागतिक पातळीवर तर जहाजकंपन्याच गोदामे आणि वाहतूकसंस्था विकत घेऊ लागल्या. १८७२ मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेली शेंकर ही संस्था २०२५ मध्ये डेन्मार्कच्या डीएसव्हीने घेतली.

तिसरा प्रवाह साठा कमी ठेवण्याचा. माल नेमका लागेल तेव्हाच यावा, ह्या तत्त्वाने कारखान्यातील गोदामे लहान झाली. पण माल कोठेतरी असावाच लागतो. तो गोदामात नसेल, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत असतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवे अडकून सहा दिवस वाहतूक थांबली, तेव्हा जगाला ह्याची जाणीव झाली. भिलाईच्या फाटकाबाहेरील चालकास ती पूर्वीपासूनच आहे. मोठा कारखानदार मोठ्या कंत्राटदारास काम देतो, तो उपकंत्राटदारास, तो दलालास आणि दलाल एका ट्रकच्या धन्यास. प्रत्येक पायरीवर भाडे थोडे घटते. खोळंब्याचा भार मात्र न घटता खाली उतरतो. सर्वांत शेवटच्या पायरीवर करार कागदावर नसतोच. ज्याच्याशी कागद नाही, त्याच्या वेळेला मोल नाही.

ह्यावर उपाय काय? मी व्यवसायाची तज्ज्ञ नाही. तथापि शब्दांची आहे, आणि कलम हा शेवटी शब्दच असतो. जहाजाच्या करारात जे आहे, तेच ट्रकच्या करारात यावे: फाटकावर पोहोचल्याची वेळ नोंदविणे, ठराविक तास फुकट आणि त्यापुढे दर तासाला आकार. तो आकार मधल्या पायऱ्यांवर न अडता गाडीच्या धन्यापर्यंत आणि त्यातील वाटा चालकापर्यंत पोहोचला पाहिजे. मोटार वाहतूक कामगारांविषयीचा कायदा १९६१ मध्ये झाला. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. फाटकाबाहेर घालविलेले तास कामाचे की विश्रांतीचे, ह्या प्रश्नाला कागदावर नव्हे, तर फाटकावर उत्तर मिळावयास हवे. असे कलम आले तर कारखान्याचेही नुकसान नाही. कारण ज्याचे पैसे मोजावे लागतात त्याची नोंद ठेवली जाते, आणि ज्याची नोंद ठेवली जाते ते सुधारते. रेल्वेने आणि जहाजांनी हे केव्हाच दाखवून दिले आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या डीएसव्हीचा मी उल्लेख केला, तिच्या नावाचा मूळ अर्थ ‘एकत्र आलेले वाहतूकदार’ असा आहे. १९७६ मध्ये मूठभर स्वतंत्र ट्रकमालकांनी एकत्र येऊन ती स्थापन केली. आपल्या येथील एकेका ट्रकच्या धन्याने ती कथा अवश्य ऐकावी. जगड्व्याळ होण्यासाठी नव्हे, तर एका कागदावर सह्या करण्याइतके बळ येण्यासाठी.

त्या चालकाची गाडी पाचव्या दिवशी आत गेली, असे मला नंतर कळले. ‘हॉल्टिंग’ हा त्याचा शब्द मी माझ्या शब्दसूचीत घातला आहे. त्याचा अर्थ मी असा दिला: उभ्या गाडीचे भाडे, देणे असते, बहुधा दिले जात नाही. पुढील आवृत्तीत ह्या अर्थाचा उत्तरार्ध मला गाळता यावा, एवढी इच्छा व्यक्त करते.