पिकल्या हातांचीं चित्रें
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या समारंभांत पुष्कळ थोर गोष्टींचा उल्लेख होईल. आम्ही मात्र आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहांत दर गुरुवारीं भरणाऱ्या एका लहानशा वर्गाविषयीं दोन शब्द बोलणार आहों. चित्रकलेच्या या वर्गांत आमचे १४ विद्यार्थी असून सर्वांत लहान विद्यार्थी ६६ वर्षांचा आहे!

पहिल्या दिवशीं आम्हीं वर्तुळ काढावयास सांगितलें. एका आजीबाईंनीं तें एका दमांत इतकें गोल काढिलें कीं, आम्ही थक्क झालों. त्या म्हणाल्या, "फादर, साठ वर्षें भाकरी थापतें आहें, त्यांत नवल कसलें?" पुढें एकदां कोळीवाड्यांतील एका आजोबांस शेजाऱ्यानें समुद्रासाठीं निळा रंग दिला. तो परत करून ते उत्तरले, "हा कुठला बाबा? पन्नास वर्षें होडी चालविली. वसईचा समुद्र मातकटच पाहिला." त्यांचा समुद्र मातकटच राहिला.

एका विधवा भगिनीनें पतीचें चित्र काढिलें: मळ्यांत रहाट हांकणारा, पाठमोरा. तोंड कां नाहीं, असें विचारतां ती शांतपणें म्हणाली, "मी भाकरी घेऊन जाई, तेव्हां ते असेच दिसत." वर्ग बराच वेळ स्तब्ध होता.

दुसऱ्या एका आजोबांचा हात कांपतो. त्यांनीं बावखल काढिलें, आणि त्या कांपऱ्या रेषांमुळें पाणी जणूं वाऱ्यानें हालूं लागलें. नातवानें विचारलें, "हें कोठें आहे?" आजोबा म्हणाले, "तुझी मोटार उभी असते ना, तिच्याखालीं." वसईचीं किती बावखलें बुजलीं, हें आपण जाणतांच. त्या नातवास मात्र तें प्रथमच कळलें.

वय झालें म्हणून हात रिकामे ठेवूं नयेत. अमेरिकेंतील ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस ही शेतकरीण, संधिवातामुळें भरतकाम जड जाऊं लागलें तेव्हां, सत्तरी ओलांडल्यावर रंगांकडे वळली. १९४० सालीं न्यूयॉर्कमध्यें तिच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. १९६१ सालीं ती १०१ वर्षांची होऊन वारली.

आमच्या विद्यार्थ्यांस कीर्ति नको, जवळ बसून "हें काय?" असें विचारणारा कोणी हवा. त्यांचीं चित्रें सभागृहाच्या भिंतीवर लाविलीं आहेत. मुलांनो, आजीआजोबांचा हात धरून तीं पाहावयास या. आपल्या गांवचें जें आतां डोळ्यांस दिसत नाहीं, तें या हातांत अजून शिल्लक आहे. तें विचारून घ्या. विलंब करूं नका.