कानाने तपासलेली पुस्तके

(मराठी भाषा गौरव दिनी सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरते घेतले आहे.)



मला दहा मिनिटे दिली आहेत. बँकेत 36 वर्षे काढलेला माणूस वेळ पाळतो, काळजी नसावी.

“काका, दुपारी कानाला हेडफोन लावून बाकावर काय ऐकत बसता?” असे बी विंगमधली मुले मला विचारतात. गाणी नाही ऐकत हो. मी पुस्तके तपासतो. कानाने.

सुरुवात घरातून झाली. आमच्या सौ.ला काचबिंदू आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वाचनाचे वेड तिला माझ्यापेक्षा जास्त. अक्षर दिसेनासे झाले तेव्हा मुलाने फोनवर ऑडिओबुक लावून दिली. त्यात लिब्रिवॉक्स नावाचा मोठा साठा सापडला. सगळे फुकट! फुकट म्हटले की बँकवाल्याला संशय येतोच, म्हणून मी मुळाशी गेलो.

2005 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ह्यू मॅग्वायर या गृहस्थांनी हे काम सुरू केले. ज्या पुस्तकांचे स्वामित्व हक्क संपले आहेत, ती जगभरची हौशी माणसे आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचतात, रेकॉर्ड करतात आणि सर्वांना मोफत देतात. पहिले पुस्तक जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सिक्रेट एजंट’ ही कादंबरी. वाचणाऱ्याला एक पैसा मिळत नाही आणि त्याच्या आवाजाची परीक्षाही कुणी घेत नाही.

आता घरी वाचायचे म्हणजे कुकरची शिट्टी, कुत्र्याचे भुंकणे, खोकला हे आलेच. जीभ अडखळली की माणूस तेच वाक्य पुन्हा वाचतो आणि आधीचे कापायला विसरतो. कधी दोन पाने एकदम उलटतात. म्हणून प्रत्येक प्रकरण दुसऱ्या कुणीतरी शेवटपर्यंत ऐकायचे. त्याला प्रूफ-लिसनर म्हणतात. आमच्या बँकेतही एकाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने पास करायचे अशीच रीत. मला ती लगेच पटली आणि मी नाव नोंदवले.

काम सोपे आहे. प्रकरण ऐकायचे, चूक आली की मिनिट-सेकंद लिहायचे. ‘12:35, वाक्य दोनदा आले आहे,’ असे. सुरुवातीची ठरलेली घोषणा आहे ना, शेवटी पाच सेकंद शांतता आहे ना, आवाज फार बारीक नाही ना, तेही पाहायचे. वाचणारा मग ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तेवढाच तुकडा कापतो, नाहीतर पुन्हा वाचून जोडतो. तो सांधा आपण परत ऐकायचा आणि मगच ‘ठीक’ म्हणायचे. वीस मिनिटांच्या प्रकरणाला माझी चाळीस मिनिटे जातात.

आता माझी फजिती सांगतो.

सुरुवातीलाच मला डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’चे पहिले प्रकरण मिळाले. त्यातला स्क्रूज म्हणजे कंजूष सावकार, आणि त्याच्याकडे बॉब क्रॅचिट हा गरीब कारकून. वाचणाऱ्या बाई अमेरिकेतल्या. त्या ‘क्लार्क’ न म्हणता दर वेळी ‘क्लर्क’ म्हणत. मी स्वतः 1973 साली क्लार्क म्हणून लागलो. हा शब्द मला कुणी शिकवायचा? जितक्या वेळा तो आला तितक्या नोंदी केल्या. वर ‘वाचन फार संथ आहे’ असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाचे काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाने फार नम्रपणे कळवले की अमेरिकेत ‘क्लर्क’च म्हणतात, आणि उच्चार, लहेजा, वाचण्याची ढब हा आपला विषय नाही. वाचणाऱ्याने स्वतः विचारले तरच सांगावे. पाठोपाठ त्या बाईंचेही उत्तर आले. तुमची यादी वाचून मी प्रकरण पुन्हा ऐकले, तेव्हा एक वाक्य माझ्याकडून दोनदा वाचले गेल्याचे लक्षात आले, ते काढून टाकते आहे, आभार.

ते वाक्य माझ्या यादीत नव्हते! आकड्यांचे वळण बघत बसलो आणि रक्कम चुकलेले व्हाउचर पास केले. बँकेत असे झाले असते तर मेमो मिळाला असता.

हे सगळे मी सौ.ला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्याकडेही तसंच झालं होतं ना?”

झाले होते. सोसायटीत कामाला येणाऱ्या एका ताईंची मुलगी दुपारी येऊन तिला ‘श्यामची आई’ वाचून दाखवायची. मुलगी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे, ‘म्हणून’ला ‘मनून’. मी आतल्या खोलीतून दर पानाला तीन-चार वेळा ओरडायचो, “पाणी! णी!” आठ दिवसांनी ‘अभ्यास आहे’ म्हणून ती यायची थांबली. हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही, असे मी तेव्हा म्हणालो होतो.

सौ. म्हणाली, “मला पानी कळत होतं हो. तुम्ही मधे ओरडलात की गोष्ट तुटायची.”

मंडळी, मी त्या मुलीच्या घरी गेलो. काय बोललो ते सगळे सांगत नाही, पण ‘चुकलो’ हा शब्द त्यात होता. ती लगेच हो म्हणाली नाही. आठवड्याने आली. आता ती फोनवर रेकॉर्ड करते, म्हणजे सौ.ला हवे तेव्हा ऐकता येते. तिचे पहिले प्रकरण मी तपासले. दोन चुका निघाल्या. एक परिच्छेद राहिला होता आणि एका ठिकाणी मिक्सरच्या आवाजात दोन ओळी बुडाल्या होत्या. तेवढ्याच सांगितल्या. पानी आहे तसेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. दृष्टी कमी झालेले आपल्या सोसायटीत आणखीही आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ 2011 पासून खुली. हरि नारायण आपटे तर 1919 सालीच गेले. आपण आपल्यापुरता मराठी पुस्तकांचा असा संग्रह करू या. वाचायला साधा फोन पुरतो. कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून वाचले की आवाज घुमत नाही. ज्यांना आपला आवाज आवडत नाही, त्यांनी माझ्याबरोबर तपासायला बसावे. त्याला आवाज लागत नाही, धीर लागतो.

ऑफिसमध्ये रजिस्टर ठेवले आहे. पहिल्या पानावर नियम लिहिला आहे: राहिलेले, दोनदा आलेले आणि ऐकू न येणारे, एवढेच नोंदवावे. तपासणाऱ्यांत पहिली सही सौ.ची आहे. जागा मी बोट धरून दाखवली, सही तिने केली. तिच्या खाली मी.

वेळ संपली.