बिलाचा कागद



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्यावे. बायकांच्या मंडळात ग्राइंडरची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण ते यंत्र आपल्याच बचत गटाच्या कर्जातून घेतले होते आणि हप्ता मला भरायचा होता.

आमचे मालक द्राक्षबागांच्या मांडवाचे लोखंडी अँगल कापून, जोडून देतात. त्यासाठी साडेचार हजारांचे नवे ग्राइंडर आणले. वॉरंटी सहा महिन्यांची. तिसऱ्याच महिन्यात, ऐन कामात, जळका वास आला आणि यंत्र बंद पडले. शेजारचा वायरमन स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला. "वहिनी, दहा मिनिटांत उघडून बघतो." मी यंत्र पदराआड केले म्हणा ना! बाहेरच्या माणसाने उघडले की वॉरंटी संपते, हे लेकीने पेटीतला कागद वाचून मला सांगितले होते.

मालक दुसऱ्याकडे मजुरीला गेले आणि मी एस.टी.ने सांगलीस गेले. दुकानदार म्हणाले, "मावशी, मालकांना पाठवा. यातले तुम्हाला काय कळणार?" मी म्हटले, "शेठ, पैसे देताना तर मीच होते." मग त्यांनी बिल मागितले. काढून बघते तो कागद कोरा! त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उष्णतेने उडते. आणि मी तो जपून ठेवला होता कुठे, तर शेगडीवरच्या फळीवरील डब्यात! वॉरंटी कार्डावर शिक्काही मारून घेतला नव्हता. नशीब, पैसे लेकीच्या फोनवरून भरले होते. त्यातली तारीख आणि रक्कम दाखवली, तेव्हा कुठे दुकानाच्या संगणकातून बिलाची दुसरी प्रत निघाली.

पुढे कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात सांगितले, की यंत्रावर जादा भार टाकलात, वॉरंटीत बसत नाही. "हेच कागदावर लिहून सही करून द्या," मी म्हटले. ते काही देईनात. घरी येऊन १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन लावला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तक्रार क्रमांक मिळाला. नवव्या दिवशी केंद्रातूनच बोलावणे आले आणि आर्मेचर फुकट बदलून मिळाले. कार्बन ब्रशचे पैसे घेतले. ते झिजायचेच, त्यांना वॉरंटी नसते. त्याबद्दल माझे म्हणणे नाही. बुडालेले तीन आठवडे मात्र कुणी भरून दिले नाहीत.

तिथे जमले नसते तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे मी ठरवले होते. ग्राहकांचा पहिला कायदा १९८६ चा. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची.

त्या महिन्याचा माझा हप्ता गटातल्या दोघींनी भरला, हे आज सर्वांसमक्ष सांगते. त्या दोघी नाव घेऊ देत नाहीत.

आता आमच्या घरी बिल आले की आधी झेरॉक्स. मंडळाच्या कपाटात मी एक जाड वही ठेवली आहे. मिक्सर, पंखा, फवारणीचा पंप, ज्यांचे जे बिल असेल त्याची झेरॉक्स आणून द्यावी, मी चिकटवून ठेवीन. डिंकाची बाटली माझी.