मालीतला पर्जन्यमापक

सहाराच्या दक्षिण कडेला माली देश आहे. मुख्यतः ज्वारी-बाजरीचा प्रदेश, शेती जवळजवळ सगळी पावसावर. 1970च्या दशकातल्या दुष्काळांनी इथली माणसं आणि गुरंढोरं होरपळून निघाली. शेजारी देशांनी मिळून 1974मध्ये नायजरच्या नियामे शहरात शेती-हवामानाचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. पुढे 1982मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या आणि स्वित्झर्लंडच्या मदतीने मालीच्या हवामान खात्याने एक वेगळी वाट धरली.

खात्याने शेतकऱ्यांच्या हाती साधे पर्जन्यमापक दिले. पाऊस पडला की शेतकऱ्याने तो मोजायचा आणि सोबतच्या तक्त्यात पाहायचं: एवढ्या मिलिमीटरला पेरावं की थांबावं, कोणतं वाण घ्यावं. पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पुढे उघडीप पडली, तर बियाणं वाया जातं. दुबार पेरणीचं हे दुःख मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. हवामान, शेती आणि पशुपालन या खात्यांची माणसं हंगामात दर दहा दिवसांनी एकत्र बसत. त्यांचा सल्ला स्थानिक भाषांतून रेडिओवर जाई.

मला यात मोलाचं वाटतं ते हे, की शेतकरी इथे सल्ला ऐकणाराही होता आणि पावसाची नोंद खात्याला पाठवणाराही. एक उणीव मात्र राहिली. ज्याच्याकडे नांगर आणि बैल, तोच सल्ल्याप्रमाणे वेळेवर पेरू शकला. ही साधनं बहुतेक पुरुषांच्याच हाती असत, त्यामुळे स्त्रियांपर्यंत हा लाभ फारच थोडा पोहोचला.