पाचोळ्याची आग

वणवा म्हटला की आपणां सह्याद्रीकडच्या माणसांना सर्वनाशच आठवतो. म्हैसूरच्या आग्नेयेस असलेल्या बिळिगिरिरंगन डोंगरांतील सोलिगांनी आमची ही समजूत हलविली. उन्हाळा तापण्यापूर्वीच त्यांचे वाडवडील रानातील पाचोळा पेटवीत; 'तरगु बेंकी' म्हणजे पाचोळ्याची आग. ज्वाळा बुटक्या, म्हणून मोठे वृक्ष वाचत. आवळ्यावर रुजू पाहणारे बांडगूळ मात्र जळे. १९७४ साली अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. पुढे घाणेरी माजली. तिच्या वाळक्या जाळ्यांवरून आग शेंड्यांपर्यंत चढू लागली, असे ते सांगतात. २०११ मध्ये त्यांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. काडी ओढण्याचा हक्क त्यांत नाही. वनखाते मात्र, वणवा अडावा म्हणून, दरसाल जाळरेषा स्वतः जाळते!